सरफॅक्टंट तोच, मात्रा तीच, तरी कणांच्या गुठळ्या कधी होतात, कधी नाही: कारण कसं शोधायचं

प्रभार असलेल्या कणांच्या सस्पेन्शनमध्ये (द्रवात विखुरलेल्या बारीक कणांत) सरफॅक्टंट, म्हणजे पाण्याकडे ओढणारं टोक आणि पाणी टाळणारी शेपटी असलेला साबणासारखा पदार्थ, वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ही अडचण कधी ना कधी येतेच. कृती लिहून ठेवलेली आहे, बाटली तीच आहे, मिलिमोलरचा आकडा तोच आहे. मागच्या खेपेला सस्पेन्शन आठवडाभर एकसारखं पांढुरकं राहिलं. या खेपेला अर्ध्या तासात तळाशी साका आणि वर निवळ. मग अजून थोडा सरफॅक्टंट घातला जातो. कधी त्याने सुधारतं, कधी आणखी बिघडतं, आणि का ते दोन्ही वेळा कळत नाही.

माझ्या अनुभवात अशा तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडतं. कृतीत सरफॅक्टंटची संहती लिहिलेली असते, पण कणांच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे तो किती पडला हे कुठेच नसतं. तो कोणत्या क्रमाने आणि किती वेगाने मिसळला हेही नसतं. कणांचं वागणं मात्र ठरतं याच दोन गोष्टींवरून. बाकीची कारणंही आहेत, त्यांच्याकडे येईनच; पण शोध इथून सुरू केला तर पुष्कळ वेळ वाचतो.

आधी बघा, ती गुठळीच आहे का

तळाशी बसलेलं सगळं कणांचंच असतं असं नाही. नेहमीच्या दोन सरफॅक्टंटपैकी सीटॅबचं (धन प्रभाराचा) क्राफ्ट तापमान २० ते २५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान येतं, एसडीएसचं (ऋण प्रभाराचा) १६ अंशांच्या आसपास. त्याखाली सरफॅक्टंट स्वतःच स्फटिक होऊन बाहेर पडतो. खोली थंड असेल किंवा बाटली फ्रिजमध्ये ठेवली असेल, तर सुयांसारखे चकाकते स्फटिक दिसतात आणि त्यांच्यात कण अडकून बसतात. एसडीएसच्या बाबतीत पोटॅशिअम हा आणखी एक शत्रू. पोटॅशिअम फॉस्फेटचा बफर वापरला की पोटॅशिअम डोडेसिल सल्फेट तयार होतं आणि ते नेहमीच्या तापमानाला पाण्यात फारसं विरघळत नाही. बफर सोडिअमचा घेतला की हा प्रश्न मिटतो. कॅल्शिअम असलेल्या जड पाण्यातही असाच अवक्षेप येतो.

तपासणी सोपी आहे. नमुना ४० अंशांपर्यंत कोमट करा आणि हलक्या हाताने हलवा. स्फटिक असतील तर विरघळून जातील. कणांच्या गुठळ्या नुसत्या ऊबेने सुटत नाहीत. कॅल्शिअमचा अवक्षेप मात्र एवढ्या ऊबेला दाद देत नाही, म्हणून पाण्याबद्दल शंका असेल तर तेवढाच सरफॅक्टंट कणांशिवाय त्याच पाण्यात घालून बघा. एक गोष्ट इथेच सांगायला हवी: प्रोब सोनिकेटर (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणारं यंत्र) चालवताना नमुना गरम होऊ नये म्हणून तो बर्फात ठेवण्याची पद्धत आहे. सीटॅब किंवा एसडीएस असेल तर हीच काळजी उलटते, कारण बर्फात सरफॅक्टंट बाहेर पडतो आणि सोनिकेशनने सुटलेल्या कणांना झाकायला उरत नाही. साधं गार पाणी घ्या आणि सोनिकेटर थांबत थांबत चालवा.

मिलिमोलर बाजूला ठेवा, पृष्ठफळ काढा

आता मुख्य मुद्दा. समजा, कण ऋण प्रभाराचे आहेत, उदाहरणार्थ उदासीन पाण्यातली सिलिका, आणि सरफॅक्टंट धन प्रभाराचा, म्हणजे सीटॅब. सरफॅक्टंट वाढवत नेला तर सस्पेन्शन एका सरळ रेषेत सुधारत जात नाही. अगदी थोडा असताना काही घडत नाही, कारण कणांचा ऋण प्रभार शाबूत असतो. मग धन टोकं पृष्ठभागावर बसू लागतात, प्रभार फिटत जातो आणि एका टप्प्यावर झीटा पोटेन्शिअल (कणाच्या पृष्ठभागालगतचा विद्युत दाब, प्रभाराचं माप) शून्यापाशी येतं. त्यात भर म्हणजे पाण्याशी न पटणाऱ्या शेपट्या आता बाहेरच्या बाजूला असतात. प्रतिकर्षण संपलेलं, शेपट्या एकमेकींना धरायला तयार. कण इथेच गुठळतात. आणखी सरफॅक्टंट घातला की शेपटीला शेपटी लागून दुसरा थर बसतो, त्याची धन टोकं पाण्याकडे येतात आणि कण पुन्हा एकमेकांना ढकलू लागतात, या वेळी धन प्रभाराचे होऊन. पृष्ठभागावर रेणू असे एकेकटे न बसता झुंडीने बसतात, हे गॉडिन आणि फ्युअरस्टेनाऊ यांनी १९५५ मध्ये मांडलं होतं. म्हणूनच हा बदल हळूहळू न होता एकदम झाल्यासारखा दिसतो.

म्हणजे स्थिर पट्टे दोन आहेत आणि मधे गुठळ्यांचा पट्टा आहे. "अजून थोडा घालून बघू" याने कधी सुधारतं आणि कधी बिघडतं ते यामुळे. तुम्ही मधल्या पट्ट्याच्या अलीकडे होतात की पलीकडच्या काठावर, त्यावर ते अवलंबून होतं.

हा मधला पट्टा किती मिलिमोलरला येतो? इथेच कृती फसते. हिशोब करू. १०० नॅनोमीटर व्यासाच्या, दर घन सेंटिमीटरला २ ग्रॅम घनतेच्या गोल सिलिका कणांचं पृष्ठफळ दर ग्रॅमला सुमारे ३० चौरस मीटर असतं. सूत्र साधं आहे: ६ भागिले घनता गुणिले व्यास. १ टक्का सस्पेन्शनमध्ये लिटरला १० ग्रॅम कण, म्हणजे ३०० चौरस मीटर. एका सीटॅब रेणूने साधारण अर्धा चौरस नॅनोमीटर जागा व्यापली असं धरलं, तर एका थराला लिटरमागे जवळजवळ १ मिलिमोल लागतो आणि दुहेरी थराला २. शिवाय दुहेरी थर टिकायला पाण्यात मोकळा सीटॅब त्याच्या सीएमसीच्या (ज्या संहतीपासून सरफॅक्टंटचे रेणू पाण्यात एकत्र येऊन मिसेल नावाचे पुंजके करू लागतात तिच्या) जवळपास असावा लागतो, आणि ती सुमारे ०.९ मिलिमोलर आहे. एकूण ३ मिलिमोलरच्या घरात जातो.

आता तीच "१ मिलिमोलर सीटॅब" ही कृती तीन सस्पेन्शनना लावून बघा. ०.०१ टक्के कण असतील तर पृष्ठभागाला लागणारा सीटॅब नगण्य; जवळजवळ सगळा पाण्यात मोकळा राहतो, दुहेरी थर पुरा होतो, सस्पेन्शन स्थिर. १ टक्का असेल तर सगळा सीटॅब पृष्ठभागावर गेला तरी जेमतेम एक थर. ५ टक्के असेल तर थराच्या पाचव्या हिश्शाएवढाच, म्हणजे साधारण अडीच चौरस नॅनोमीटरला एक रेणू, आणि सिलिकाचा प्रभार फिटण्याची वेळ याच्याच आसपास येते. एकच आकडा, तीन निकाल. कणांच्या बाटलीवर "१० टक्के" छापलेलं असतं, पण ती नीट न हलवता वरून पिपेटने उचललं तर प्रत्यक्षात किती टक्के आले कोण जाणे. नवीन खेपेतले कण थोडे लहान असले तरी पृष्ठफळ त्याच प्रमाणात वाढतं.

म्हणून कृतीत "दर चौरस मीटरला इतके मायक्रोमोल" असं लिहा, आणि प्रत्येक वेळी थोडं सस्पेन्शन वाळवून, वजन करून कणांचं खरं प्रमाण काढा. नवीन कण हाती आले की एकदा बसून मालिका लावावी: कणांचं प्रमाण तेच ठेवून, सीएमसीच्या शंभराव्या भागापासून दहापटीपर्यंत सरफॅक्टंट वाढवत नेलेल्या आठ-दहा नळ्या. रात्रभर ठेवा, कोणत्या नळीत साका बसला ते बघा आणि प्रत्येकीचं झीटा पोटेन्शिअल मोजा. ते शून्य ओलांडतं ती जागा आणि साका बसतो ती जागा जवळजवळ एकच निघाली, तर निदान पक्कं. एका दिवसाच्या या कामाने पुढचे महिने वाचतात, आणि तरीही ते टाळलं जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कण आणि सरफॅक्टंट एकाच प्रभाराचे असतील तर चित्र वेगळं. ऋण प्रभाराच्या पॉलिस्टायरीन लॅटेक्सवर एसडीएस चांगला बसतो, कारण पॉलिस्टायरीनला पाणी आवडत नाही आणि शेपटी तिथे चिकटते. प्रभार वाढतो, स्थिरता वाढते. सिलिकावर मात्र एसडीएस जवळजवळ बसतच नाही. तिथे तो केवळ एक मीठ म्हणून वागतो, आणि मीठ घातलं की कणाभोवतीचा विद्युत थर, म्हणजे प्रतिकर्षण पोचतं तेवढं अंतर, आकसतो. १ मिलिमोलर एकसंयुजी मिठात या थराची जाडी ९.६ नॅनोमीटर असते, १० मिलिमोलरला ३, १०० मिलिमोलरला १ नॅनोमीटरहूनही किंचित कमी. देर्यागिन-लांडाव यांनी १९४१ मध्ये आणि फेरवे-ओव्हरबेक यांनी १९४८ मध्ये दाखवलेला प्रतिकर्षण आणि आकर्षणाचा तोल या जाडीवरच उभा आहे. "एसडीएस घातला तरी सिलिका सुधारत नाही" याचं उत्तर एवढंच.

मालिकेच्या दुसऱ्या टोकालाही एक सापळा आहे. सरफॅक्टंट सीएमसीच्या कितीतरी पट झाला की पाण्यात मिसेलची गर्दी होते. दोन मोठे कण जवळ आले आणि मधल्या फटीत मिसेल मावेनासे झाले, की बाहेरच्या मिसेलचा दाब त्यांना एकत्र ढकलतो. असाकुरा आणि ओओसावा यांनी १९५४ मध्ये हे कारण मांडलं. कण जितके मोठे तितका हा परिणाम ठळक, म्हणून मायक्रोमीटरच्या घरातले कण आणि इमल्शनचे थेंब याला लवकर बळी पडतात. ओळखायची खूण अशी की हा गट परत सुटतो. सीएमसीएवढ्या सरफॅक्टंटच्या द्रावणाने विरल करा. कण मोकळे झाले तर मिसेलची गर्दीच कारण होती, आणि उपाय म्हणजे सरफॅक्टंट कमी करणं. प्रभार फिटून घट्ट चिकटलेली गुठळी अशी सुटत नाही.

कशात काय घातलं, आणि किती वेगाने

प्रमाण बरोबर असूनही गुठळ्या होत असतील तर मिसळण्याकडे बघा. दर टक्करीला चिकटणारे कण किती वेगाने जुळतात, याचा अंदाज स्मोलुचोव्स्कीच्या सूत्रावरून येतो. वरच्या १ टक्का सस्पेन्शनमध्ये एका मिलिलिटरमध्ये सुमारे दहा लाख कोटी कण असतात. प्रभार पूर्ण फिटलेला असेल तर त्यांची संख्या निम्मी व्हायला सेकंदाचा पन्नासावा भागही लागत नाही. कोणताही मॅग्नेटिक स्टरर इतक्या वेगाने मिसळत नाही.

याचा अर्थ असा की कणांच्या सस्पेन्शनमध्ये सीटॅबचं जाड द्रावण थेंब थेंब सोडलं, तर प्रत्येक थेंबाभोवतीचा भाग आधी मधल्या पट्ट्यातून जातो. तिथे गुठळ्या होतात, आणि नंतर एकूण प्रमाण कितीही योग्य झालं तरी त्या तशाच राहतात. क्रम उलटा करा. पूर्ण लागणारा सरफॅक्टंट आधी भांड्यात घ्या, तो जोरात ढवळत ठेवा आणि त्यात कणांचं सस्पेन्शन, शक्य तितकं विरल करून, ओता. असं केल्याने प्रत्येक कण सरफॅक्टंटच्या भरपूर साठ्यात पडतो आणि मधला पट्टा क्षणात ओलांडतो. कण हजारपट विरल असतील तर तोच निम्मं होण्याचा काळ दहा-वीस सेकंदांवर जातो, आणि मिसळायला खरोखर सवड मिळते.

आधीच झालेल्या गुठळ्या सोडवायच्या तर योग्य प्रमाणात सरफॅक्टंट हजर असतानाच सोनिकेशन करा. आधी सोनिकेशन आणि मग सरफॅक्टंट, असं केलं तर सुटलेले कण झाकले जाण्याआधीच पुन्हा जुळतात. प्रोबच्या टोकाचे टायटॅनिअमचे कण नमुन्यात येतात. हलक्या सेंट्रिफ्यूजने ते काढता येतात.

नमुना ठीक आहे, पण मोजमाप गुठळ्या दाखवतं

हा प्रकार मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण यात चांगलं सस्पेन्शन टाकून दिलं जातं. डीएलएस (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार काढण्याची पद्धत) किंवा झीटा मोजायला नमुना विरल करावा लागतो आणि हाताशी शुद्ध पाणी असतं. पाण्याने शंभरपट विरल केलं की मोकळा सरफॅक्टंट शंभरपट कमी होतो. पृष्ठभागावरचा थर पाण्यातल्या मोकळ्या सरफॅक्टंटशी तोल राखून असतो, त्यामुळे बाहेरचा थर सुटू लागतो. म्हणजे नमुना दुहेरी थराकडून परत मधल्या पट्ट्याकडे निघतो, आणि तुमच्या डोळ्यांसमोर क्युव्हेटमध्ये गुठळ्या होतात. लागोपाठ घेतलेल्या मोजमापांत आकार वाढत चालला असेल तर हीच शंका आधी घ्या.

विरल करायला नमुन्याचीच निवळ वापरा. थोडं सस्पेन्शन सेंट्रिफ्यूज करा, वरचं पाणी गाळून घ्या आणि त्यात मोजा. ते जमत नसेल तर तेवढाच मोकळा सरफॅक्टंट आणि तेवढंच मीठ असलेलं द्रावण बनवा. सेंट्रिफ्यूज करून वारंवार धुतलेल्या कणांनाही हेच लागू आहे. सीटॅबमध्ये बनवलेल्या सोन्याच्या नॅनोकांड्या जास्त वेळा धुतल्या की गुठळतात, ते याच कारणाने.

डीएलएसमध्ये लहान कणांकडून विखुरणारा प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात असतो, त्यामुळे मूठभर गुठळ्या किंवा धूळही सरासरी बिघडवते. उलट ४-५ नॅनोमीटरला दिसणारं शिखर तुमच्या कणांचं नसून मिसेलचं असू शकतं. झीटा ३० मिलिव्होल्टच्या वर असावं हा नियम प्रभाराने स्थिर होणाऱ्या कणांपुरता आहे. ट्वीन किंवा ट्रायटॉनसारख्या प्रभार नसलेल्या सरफॅक्टंटने झाकलेले कण शून्याजवळच्या झीटावरही नीट राहतात, कारण त्यांना वेगळं ठेवतात ते पाण्यात पसरलेले लांब धागे. सिलिका तर स्वतःच अपवाद आहे: सामू २ च्या आसपास तिचा प्रभार शून्याजवळ जातो, तरी पृष्ठभागाला धरून बसलेल्या पाण्यामुळे ती तिथे लगेच गुठळत नाही.

पाणी, सामू, जुनी बाटली

टायटॅनिआचा प्रभार सामू ६ च्या आसपास शून्य होतो, अॅल्युमिनाचा ९ च्या आसपास. उघडं ठेवलेलं शुद्ध पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ५.६ पर्यंत उतरतं. टायटॅनिआ नुसत्या पाण्यात ठेवला तर तो सकाळी एका प्रभाराचा आणि संध्याकाळी दुसऱ्या प्रभाराचा असू शकतो, आणि सरफॅक्टंटवर उगाच दोष येतो. सामू मोजा, आणि शून्याच्या जागेपासून किमान दोन अंक दूर ठेवा.

मीठ कोणतं यालाही महत्त्व आहे. शुल्झ-हार्डी नियमानुसार, प्रभार मोठा असेल तर गुठळायला लागणारं मीठ विरुद्ध आयनाच्या संयुजेच्या सहाव्या घाताने कमी होतं. ऋण कणांसाठी कॅल्शिअम सोडिअमच्या चौसष्टाव्या भागातही पुरतो. मीठ सीएमसीही खाली आणतं. एसडीएसची शुद्ध पाण्यात ८.२ मिलिमोलर, तर ०.१ मोलर सोडिअम क्लोराइडमध्ये सुमारे १.५.

एसडीएसचं द्रावण जुनं झालं, विशेषतः आम्लात, की त्यातून डोडेकॅनॉल सुटतं आणि तेही पृष्ठभागावर जाऊन बसतं. ताजं द्रावण करा. विकतच्या लॅटेक्समध्ये कारखान्यातला सरफॅक्टंट आधीच असू शकतो. तो डायलिसिसने काढल्याशिवाय तुमचा हिशोब जुळणार नाही. आणि सीटॅब काचेवरही बसतो, गाळणीवर त्याहून जास्त. सरफॅक्टंट मायक्रोमोलरच्या पातळीवर असेल तर ही गळती मोठी ठरते. भांडं त्याच द्रावणाने आधी विसळून घ्या.

गुठळ्या हव्याच असतील, पण ठराविक आकाराच्या

पुष्कळांचं काम नेमकं हेच असतं, आणि तिथे मधला पट्टा उपयोगी पडतो. पण पट्ट्याच्या ऐन मध्यावर काम करू नका. तिथे प्रत्येक टक्कर चिकटते, वाढ हाताबाहेर जाते आणि सैल, फांद्या फुटलेल्या गुठळ्या होतात. त्यांची फ्रॅक्टल मिती (गुठळी किती भरीव आहे याचं माप) १.८ च्या जवळ असते. पट्ट्याच्या काठावर, थोडं प्रतिकर्षण शिल्लक ठेवून काम केलं तर अनेक टक्करींतली एखादीच चिकटते. वाढ संथ होते, गुठळी दाट होते, मिती २.१ च्या जवळ जाते, आणि मिसळण्यातल्या फरकाचा परिणामही कमी होतो. कण विरल ठेवले तर थांबवायची वेळ साधता येते.

थांबवायचं कसं? धन सरफॅक्टंटने गुठळवलेल्या ऋण कणांना त्याच सरफॅक्टंटच्या भरपूर साठ्यात ओतून पलीकडच्या स्थिर पट्ट्यात नेता येतं. सीटॅबने सुरू केलेली वाढ एसडीएसने थांबवायला जाऊ नका. ते दोघे एकमेकांशी जुळून स्वतःच अवक्षेप देतात. मिठाने गुठळवत असाल तर ट्रायटॉन किंवा ट्वीन असलेल्या पाण्यात दहापट विरल करा. मीठ उतरतं आणि मोकळ्या जागा झाकल्या जातात. ज्या गुठळ्या झाल्या त्या राहतात, फक्त वाढ थांबते. खात्रीसाठी थांबवल्यावर लगेच एकदा आणि दुसऱ्या दिवशी एकदा आकार मोजा, दोन्ही वेळा त्याच थांबवणाऱ्या द्रावणात. आकडा सरकला असेल तर त्या द्रावणातला सरफॅक्टंट गुठळ्यांच्या पृष्ठफळाला कमी पडतोय. तो दुप्पट करून पुन्हा बघा.